गव्हाच्या काड्यांची बाहुली

"माझी बाहुली कुठाय?" आमची म्हातारी घरमालकीण इतक्या जोरात ओरडली, की साउथहॅम्प्टनच्या बंदरातली जहाजं भोंगा समजून मागे वळली असतील. आज दुकानात वाळक्या काड्यांचा वास आला आणि हॅम्पशायरच्या ज्या चिमुकल्या गावात मी नुकताच भाड्यानं राहायला गेलो होतो, तिथला तो दसरा डोळ्यांपुढे उभा राहिला. तिथे जुन्या वस्तूंना एवढा मान, की गंजलेल्या खिळ्यालाही पाटी लावतील. कापणीच्या शेवटच्या पेंढीची वेणीसारखी बाहुली विणून दारावर टांगायची त्यांची रीत, आणि आमच्या दारावरची तर म्हातारीच्या नवऱ्याच्या हातची. पुण्याहून आलेल्या माझ्या आईला ती कुणाचंतरी गेल्या दसऱ्याचं तोरण वाटली. तिनं झेंडूचं नवं बांधलं आणि जुनं मनोभावे नमस्कार करून कुंपणापलीकडच्या हत्तीएवढ्या गाईला भरवलं. "अगं आई, विचारायचंस तरी!" "केरात टाकू होय रे? गाईच्या मुखी लागलं, काय वाईट झालं?" मी कसंबसं सगळं सांगितलं, तशी म्हातारी पायरीवर मटकन बसली. कुंपणापलीकडे गाय निवांत रवंथ करत होती. मी चाचरत म्हणालो, "तुमच्या यजमानांना सांगा ना, दुसरी विणून देतील." "तो फेब्रुवारीत गेला," म्हातारी म्हणाली.