दांड

परवा मुलीने बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी मावळचा नकाशा टेबलावर पसरला. तपकिरी समोच्च रेषा दिसताच लोणावळ्याच्या कॉलेजातली भूगोलाची खोली आठवली, नकाशांना मागून चिकटवलेल्या कापडाच्या कुबट वासासकट.

तोंडी परीक्षा होती. माझी आधीची दोन उत्तरे चुकली होती. हेही चुकले तर परीक्षा हातची जाणार होती. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी नकाशावर पेन्सिल टेकवली. "रेषा इथे उताराकडे वळल्यात. हे काय?"

पुस्तकातला शब्द आठवेना. मी औंढ्याची, डोंगराच्या पायथ्याच्या गावची. तोंडून निघाले, "दांड."

मागे मुली हसल्या.

"दांड म्हणजे?"

"डोंगराची खाली उतरत आलेली धार, सर. दोन्ही अंगांना घळी. आई गवताला दांडानंच चढते. घळीत पाय निसटतो."

"मग घळ दाखवा."

चढाकडे वळलेल्या रेषांवर मी बोट ठेवले.

"बरोबर. आईंना सांगा, मुलीला नकाशा त्यांनीच शिकवला."

तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली होती. आज वाटते, त्या खोलीत नकाशावरचा डोंगर पायांनी ठाऊक असलेली मी एकटीच होते.

घरी सांगितले तेव्हा आई डोक्यावरचा भारा उतरवत होती. "मला कुटं वाचता येतंय? मार्क तुला दिलं का मला?"

"दोघींना."

ती भारा सोडू लागली. संध्याकाळी मात्र शेजारच्या मावशींना सांगताना ऐकू आली, "आमी दोघी पास झालो."