उत्तरायणाचे भाषण आणि उत्तर उतारावरचे वळण

लेखनाचा अधिकार नसताना लिहिते आहे, याची आधीच क्षमा मागते. चारचौघांत मला बोलता येत नाही. या खेपेस मात्र लिहिल्यावाचून राहवेना.

सनीव्हेलहून लेक टाहोला जाण्याचा बेत माझ्या चुलतभावाने, सुहासदादाने, आखला. सोबत वैशालीवहिनी आणि त्यांची सहा वर्षांची ईशा. शनिवारी निघून सोमवारी परत, कारण सोमवारी संध्याकाळी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता आणि त्यात ‘उत्तरायणाचे महत्त्व’ या विषयावर दादाचे भाषण. सॅक्रामेंटोपर्यंत त्याने त्याची तालीम आमच्यावर केली. प्लॅसरव्हिलला गुळपोळ्या खाल्ल्या, तेवढाच विसावा. जाणाऱ्यांनी बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्या घरूनच न्याव्यात. घाटात त्या चढवून देणारे लोक थंडीचेही पैसे लावतात.

आम्ही उतरलो ती नवी खासगी वसाहत तळ्याच्या दक्षिणेकडील डोंगरावर होती. तळे उत्तरेला, म्हणून घरे उत्तर उतारावर, म्हणून रस्ताही तिथेच. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकले आणि पोटासाठी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. या रस्त्यातल्या चुका शोधाव्या लागल्या नाहीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, हे चौथीतल्या मुलाला कळते. रस्ता आखणाऱ्या थोर पुरुषाला कळले नव्हते. सर्वांत तीव्र उताराचे वळण त्याने डोंगराच्या सावलीत ठेवले. उरलेसुरले ऊन अडवायला दोन्ही कडांना शोभेची सदाहरित झाडे लावली. वितळणाऱ्या बर्फाला गटार न देता ते पाणी रस्त्यावरूनच सोडले, म्हणजे रात्री ते निवांत गोठावे. देखावा मात्र प्रत्येक घराला अप्रतिम! वळणावर ‘सावकाश’ अशी पाटीही होती. अक्कल संपली की पाटी लावतात.

रविवारी मी खिडकीतून पाहत होते. त्या वळणावर ऊन पोहोचले ते दुपार होता होता.

सोमवारी उजाडताच दादाने सामान गाडीत भरले. पुण्याहून कोकणात जाताना पहाटे निघायचे, म्हणून इथेही पहाटेच.

“दादा, ऊन येऊ दे. ते वळण आत्ता काचेसारखं असेल.”

“फोर व्हील ड्राइव्ह आहे, यार! तू टेस्टिंग ऑफिसात कर.”

“चारही चाकं ढकलतात. बर्फावर थांबवत नाहीत.”

“अहो, ऐका की तिचं,” वहिनी म्हणाली. “वर्षातून एकदा बोलते.”

“आणि कार्यक्रम मिस झाला तर? मंडळात तोंड काय दाखवू?”

संध्याकाळी सूर्याची थोरवी गाणारा माणूस सकाळी सूर्यासाठी थांबायला तयार नव्हता.

“आत्या, आर यू स्केअर्ड?” ईशाने विचारले.

“हो,” मी म्हणाले. तिचा हात धरला आणि तिला घेऊन पायरीवर बसले. दादा ओरडत राहिला, पण उठले नाही. वहिनीही येऊन शेजारी बसली.

शेजारच्या घरातली एक भलीमोठी गाडी दिमाखात खाली गेली.

“बघ, तो गेला!” दादा म्हणाला.

दुपारी ऊन आल्यावर आम्ही उतरलो. वळणावर तीच गाडी शोभेच्या झाडांत नाक खुपसून उभी होती. झाडांच्या पलीकडे दरी. माणसे सुखरूप, ब्लँकेट पांघरून मदतीची वाट पाहत होती. झाडांचा हा एक उपयोग निघाला. दादाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले आणि सनीव्हेलपर्यंत भाषणाची तालीम केली नाही.

कार्यक्रमाला वेळेत पोहोचलो. दादा व्यासपीठावरून म्हणाला, “आज सकाळीच मी घरच्यांना सांगितलं, सूर्यनारायणाला आधी वर येऊ द्या!” टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेतून ईशा ओरडली, “नो बाबा! आत्या सेड दॅट. यू वेअर येलिंग!”

सभागृह हसले. दादाचे कान लाल झाले. त्याने माईक माझ्याकडे पाठवला. “मग तिलाच ऐकू या.”

मी नकारार्थी मान हलवली. माझे वर्षाचे बोलणे डोंगरावरच संपले होते.

म्हणून हे लिहिले. डोंगरात घर घेताना देखावा विचारू नका; रस्त्यावर ऊन किती वाजता येते, ते विचारा.

पाठवले: मंगळवार, १६ जानेवारी २००७, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.