खालच्या पाच ओळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय. पण मान खाली घालून नाही, तेवढं आधीच लक्षात घ्या.

परळच्या एका शाळेच्या ऑफिसात मी बावीस वर्षं क्लार्क आहे. परबबाई म्हणतात मला. मानसी टीचर आली तेव्हा पंचविशीची असेल. हुशार, तोंडाने फटकळ. वेबसाइटचं लांबलचक पान वरपासून खालपर्यंत एकाच फोटोत कसं घ्यायचं, ते तिनेच मला शिकवलं. बटण दाबायचं, पान आपोआप सरकत जातं, तळाशी पोचलं की थांबतं. निकालाची पानं मी तशीच घ्यायला लागले — तुकडे जोडायची कटकट गेली.

मग एका मुलीचा स्कॉलरशिपचा अर्ज हरवला. मानसीने इंटरनेटवरच्या आपल्या ब्लॉगवर लिहिलं, 'ऑफिसात एक बाई नुसती खुर्ची उबवते.' नाव नव्हतं. पण ऑफिसात बाई होतीच कोण दुसरी? एका पालकाने खिडकीशी येऊन हसत विचारलं, "खुर्ची गरम आहे ना, बाई?"

चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी ब्लॉगचं ते पान फोटो काढून मागितलं. "अख्खं घ्या. कमिटीला दाखवायचंय."

मी पान उघडलं. अगदी तळाशी पाच ओळी नव्या होत्या. अर्ज मानसीच्याच कपाटात, वह्यांच्या गठ्ठ्यात सापडला होता. 'परबबाईंची काही चूक नव्हती. मी त्यांची मनापासून माफी मागते.'

तीनदा वाचलं मी. आणि मग — बटण दाबलं, पान सरकू लागलं, आणि त्या ओळी यायच्या आत थांबवलं.

"अख्खं आहे ना?"

"हो सर. अख्खं."

कमिटीचं बोलावणं आल्यावर मानसीने घाबरून ब्लॉगच काढून टाकला. उरला माझा फोटो. आपण माफी मागितली होती, असं ती कमिटीला सांगत राहिली. "मग ती इथे कुठेय?" एवढंच त्यांनी विचारलं. ती अजून कायम झालेली नव्हती. शाळेची बदनामी केली म्हणून काढलं तिला.

कुणी दबाव आणला होता? नाही. नोकरीची भीती? मला कसली भीती! अपमान सगळ्यांनी वर वाचायचा, आणि माफी मात्र मी खाली जाऊन शोधायची? — असं वाटलं तेव्हा. आजही वाटतं. पण मी खोटं बोलले ते बोललेच. ते मी झाकत नाही.

शेवटच्या दिवशी ती कागद न्यायला माझ्या खिडकीशी आली. डोळे सुजलेले.

"परबबाई, तुम्ही तरी खालचं वाचलं होतं ना? तुमच्यासाठीच लिहिलं होतं मी."

सरांची केबिन दहा पावलांवर होती. एक 'हो' म्हटलं असतं तर —

"नाही गं," मी म्हटलं. "खाली काही नव्हतंच."

ती माझ्याकडे बघत राहिली. कळलं तिला. मग तिने सही केली, पेन परत दिलं आणि गेली.

मी रांगेतल्या पुढच्या पालकाला हाक मारली.