तपकिरी क्रूस

मंगळवार, ७ जून १८८१. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. एल्काना थीकर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं दुकानाच्या काचेवरचं मीठ पुसत होता. स्कार्थबीच्या धक्क्यावर दुकान असलं की हे काम चुकत नाही. आदल्या दिवशी सणाची सुट्टी होती आणि लीड्सहून दोन खास गाड्या भरून माणसं आली होती. काचेवर आतल्या वस्तू बघणाऱ्यांच्या नाकांचे ठसे होते. त्यांतले बरेचसे खालच्या बाजूला, मुलांचे.

काचेमागे शंखांनी मढवलेल्या डब्या होत्या, ‘स्कार्थबीची आठवण’ असं लिहिलेले जर्मनीत बनलेले पेले होते, आणि सगळ्यांच्या वर, मखमलीच्या तुकड्यावर, मुठीएवढा काळा जेट ठेवलेला होता. जेट म्हणजे इथल्या कड्यांतून निघणारं, दगड होऊन गेलेलं लाकूड. हलकं आणि हाताला उबदार लागणारं. दुखवट्याचे दागिने त्याचे करतात. तो तुकडा एल्कानाच्या वडिलांनी स्वतः कड्यातून काढलेला. तो कधीच विक्रीला नव्हता. त्याला बघून लोक आत येत.

आत दोन खण होते. वरच्यात खरा जेट, तोही आता थोडाच, कारण कड्यातल्या चांगल्या शिरा संपत आल्या होत्या. खालच्या खणात बर्मिंगहॅमहून येणारे साच्यातले दागिने होते, गंधक घालून कडक केलेल्या रबराचे. खालचा खण उघडताना एल्काना ‘जेट’ हा शब्द तोंडातून काढत नसे. ‘काळी पिन’, ‘काळा हार’ म्हणे. गिऱ्हाईकच ‘जेट ना हा?’ म्हणालं, तर तो कागदात बांधायला लागे. एकवीस वर्षांत आपण एकही खोटं बोललो नाही, असं तो चॅपेलच्या सभेत सांगू शकला असता, आणि ते खरं ठरलं असतं.

रबर उन्हात तपकिरी पडतं. हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर रोज सकाळी ऊन काचेवर आलं की तो बाहेरचं कापडी छत खाली ओढायचा. विकलेला माल तपकिरी पडायचा तो दूर कुठंतरी, लीड्स नाहीतर ब्रॅडफर्डच्या घरांत. तो बघायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

“मिस्टर थीकर, उघडलंय का?”

पायरीखाली केझिया व्हेरिल उभी होती. वय सव्वीस, डोक्यावर शिंपल्यांची टोपली, काळी शाल. नोव्हेंबरात एक होडी तीन माणसांसह परत आली नाही, त्यांतला एक तिचा नवरा जॉन. दुसऱ्या दोघांच्या बायका ॲन आणि रूथ.

“उघडतोच आहे. आत ये.”

“नको. पायांची घाण लागेल.” तिनं टोपली खाली ठेवली आणि रुमालाची गाठ सोडली. “हा माझ्या हातून खराब झाला हो.”

रुमालात क्रूस होता. कडांना अजून काळा. मध्ये, जिथं ऊन पडत होतं तिथं, शिळ्या चहाच्या रंगाचा.

“शिंपल्यांच्या पाण्यानं झालं असेल,” ती म्हणाली. “नाहीतर मी चुलीजवळ ठेवत होते म्हणून. ॲनचा बघा, रूथचा बघा, कसे आहेत तसे आहेत. मी स्कर्टनं रोज घासते. परवा रविवारी आम्हा तिघींना पुढच्या बाकावर बसवलं, तर मी सगळी प्रार्थना याच्यावर हात ठेवून काढली. तुम्ही एवढं दिलंत आणि मला सांभाळता आलं नाही. पॉलिश होईल का?”

एल्कानाच्या हातातल्या फडक्यातून व्हिनेगर बुटावर ठिबकत होतं.

“ठेवून जा,” तो म्हणाला. “बघतो.”

ती टोपली उचलून निघून गेली.

समुद्रात गेलेल्या माणसाच्या बायकोला थीकरांच्या दुकानातून जेटचा क्रूस जातो, हा रिवाज एल्कानाच्या वडिलांनी घातलेला. मोल घ्यायचं नाही, स्वतः कोरायचा, आणि स्मरणाच्या रविवारी तो तिच्या गळ्यात असला पाहिजे. नोव्हेंबरात एल्कानाकडे आठ दिवस होते आणि क्रूस तीन कोरायचे होते. दोन झाले. तिसरा शनिवारी संध्याकाळी, भोक पाडताना, उभा चिरला. खालच्या खणात त्याच मापाचे साच्यातले डझनभर पडले होते. नाताळनंतर खरा करून बदलून देऊ, असं तो बायकोला म्हणाला. नाताळ झाला. मग दुकानाला रंग द्यायचा होता, मग ईस्टरची गर्दी आली.

पडद्याआडून त्याची बायको थर्झा बाहेर आली. “काय बघणार आहेस?”

“पॉलिश.”

“रबराला?”

त्यानं फडकं पिळलं.

“तेच कर,” थर्झा म्हणाली. “गप्प बसणं तुला चांगलं जमतं.”

त्यांची मुलगी लिडिया जिन्यात भाडेकरूंच्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती. हंगामात वरच्या खोल्या पाहुण्यांना देतात आणि घरचे तिघं मागच्या कारखान्यात झोपतात. लिडियाची गादी कोरणीच्या बाकावर असते. “बाबा, रविवारी सगळ्यांनी बघितलं,” ती म्हणाली. “मी गाण्याच्या पुस्तकात तोंड घातलं होतं.”

“कोणी काही म्हणालं?”

“कोण म्हणणार? दानाच्या गाईचे दात कोण मोजतं?”

गावात दर तिसऱ्या घरात कोणी ना कोणी जेटचं कोरीवकाम केलेलं आहे. तपकिरी क्रूस म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळतं. कळलं नव्हतं ते एकट्या केझियाला, कारण ती इथली नाही. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आतल्या माळावरून आली. मेंढ्यांची लोकर तिला कळते. ही गोष्ट एल्कानाला जूनमध्ये सुचली नाही. ती त्याला नोव्हेंबरातल्या त्या शनिवारीच ठाऊक होती.

त्याच मंगळवारी त्यानं लिडियाची गादी गुंडाळून भिंतीला लावली, काचेतून वडिलांचा तुकडा काढला आणि करवत लावली. मखमलीवर खड्डा तेवढा उरला. एका भाडेकरूनं विचारलं, तो मोठा जेट विकला का? “नाही,” एल्काना म्हणाला, आणि त्याच माणसानं खालच्या खणातली पिन उचलून “हा पण जेटच ना?” म्हटल्यावर, कागदाकडे गेलेला हात त्यानं मागे घेतला. “रबर आहे,” तो म्हणाला. माणूस पिन ठेवून गेला.

पहिला क्रूस बिघडला. दुसरा सोमवारी दुपारी पुरा झाला. शेवटचं पॉलिश लाल भुकटीनं करतात. ती बोटांच्या रेषांत बसते आणि दोन दिवस जात नाही.

सोमवारी चार वाजता तो नवा आणि तपकिरी असे दोन्ही क्रूस घेऊन मासेवाल्यांच्या गल्लीत गेला. थर्झानं सुचवलं होतं की नवा द्यावा आणि जुन्याचं नाव काढू नये, मग तीच म्हणाली, “नको. मग ती जन्मभर समजेल, की तिनंच बिघडवला होता.”

बायका दारांत बसून गळांना शिंपल्यांचं मांस लावत होत्या. म्हातारी डोर्कस त्याचे हात बघून म्हणाली, “अरे वा, एल्काना. हात लाल. काम केलंस वाटतं.”

“केलं.”

“मला वाटलं, बर्मिंगहॅमवाले करतात.”

कोणीतरी हसलं. केझिया तिच्या पायरीवर होती. ती हात पुसत उठली. “झाला पॉलिश?”

“याला पॉलिश होत नाही,” एल्काना म्हणाला. “हा जेट नाही. शाल उलटी करून घास, आणि वास घे.”

तिनं घासला. नाकाशी नेला.

“गंधक.”

“रबर आहे. मी दिला तेव्हापासून. तू काही बिघडवलं नाहीस. हा घे, हा खरा.”

गल्लीतले सगळे हात थांबले होते. केझियानं नवा क्रूस घेतला नाही. तिनं बराच वेळ हिशेब लावल्यासारखं त्याच्याकडे बघितलं.

“ॲनचा खरा?”

“हो.”

“रूथचा?”

“हो.”

“तिघींतून मीच का?”

ती चिरलेल्या तुकड्याची हकिकत त्यानं वाटेत जुळवून ठेवली होती. ती सांगितली असती तर खोटी नव्हती.

“तुला ओळखता येणार नाही म्हणून,” तो म्हणाला.

डोर्कसनं मान खाली घालून सुरी उचलली. केझिया खाली बसली. तपकिरी क्रूस तिनं पुन्हा दोऱ्यात ओवला, मानेमागे गाठ मारली आणि या वेळी त्याच्यावर हात ठेवला नाही.

“तो तुम्ही घेऊन जा, मिस्टर थीकर. मी सात महिने याच्यापाशी जॉनसाठी रडले आहे. हा राहू दे.”

“लोक बघतील, केझिया.”

“बघतील की.”

तो परत आला तेव्हा लिडियानं गादी पुन्हा बाकावर पसरली होती. नवा क्रूस त्यानं वरच्या खणात ठेवला, मग बाहेर काढला, आणि शेवटी वडिलांच्या तुकड्यानं पाडलेल्या मखमलीवरच्या खड्ड्यात ठेवला. त्याच्यावर किंमत लावली नाही. थर्झानं तो बघितला आणि जेवायला हाक मारली.

उद्या मंगळवार, १४ जून. ओहोटी सकाळी साडेदहाला आहे. केझिया व्हेरिल तेव्हा खडकांवर असेल. बारापर्यंत शिंपले घेऊन येईल आणि तपकिरी क्रूस गळ्यात घालून चारपर्यंत आपल्या पायरीवर बसेल. ती पायरी थीकरांच्या दुकानाच्या दारातून दिसते.