वाफा नंबर तीन आणि साहेबांचं शटल

किस्से गवतासारखेच. एक छाटला की बुडातून दोन फुटतात, असं म्हातारे म्हणतात. गवताबाबत तरी हे खरं की थाप, हे तपासायलाच बोरीवलीला जंगलाच्या कडेला आमचं केंद्र होतं. मारवेल म्हणून गुरांच्या चाऱ्याचं गवत असतं, त्याचे तीन वाफे. पहिल्याला विळा लावायचा नाही, दुसरा अर्धा कापायचा, तिसरा मात्र सारखा चार बोटं ठेवून सफाचट! कोण किती वाढतं, कुणाला बी धरतं, ते बघायचं. मी कॉलेज सोडून तिथं चिकटलो. कॉलेजात उत्तरं पाठ करायची असत; इथं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं!

*

एकदा अण्णा मुलुंडहून मला बघायला आले.

“बी.एस्सी. सोडून गवत कापतोस?”

“कापल्यावर त्याचं काय होतं ते बघतो, अण्णा.”

“मग न्हाव्याकडे बस! तिथं निदान पंखा तरी असतो.”

पोरगा काय शोधतोय, हे विचारायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

*

पहिल्या वाफ्यातलं कमरेइतकं गवत म्हणजे आमच्या केंद्राच्या साहेबांचा जीव की प्राण. त्याच्या कडेचा एक भारा जोगेश्वरीच्या तबेल्यात नेला. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. निबर झालं होतं ते! दुसऱ्या वाफ्याचं मात्र तिनं फस्त केलं.

साहेब गंभीरपणे म्हणाले, “या म्हशीची तब्येत बरी दिसत नाही.”

*

मग मी मुळं उकरली. पहिल्याची हातभर खोल, तिसऱ्याची जेमतेम वीतभर. वाट लागली होती बिचाऱ्याची! पण मरतही नव्हतं. का मरत नाही, या विचारानं मला झोप लागेना.

हेडक्लार्क नेनेकाकांना दाखवलं. ते म्हणाले, “वरून सारखं कापत राहिलं की खाली काय उरणार रे? आमच्या पगाराकडे बघ ना!”

*

दसऱ्याला पहिल्या दोन्ही वाफ्यांत कणसं डोलत होती. तिसऱ्यात शून्य. साहेब बांधावर ताठ उभे राहिले, सोलाहॅट सावरली आणि निकाल दिला: “दिवाळीपर्यंत कणीस आलं नाही, तर हा वाफा नांगरायचा. इथं बॅडमिंटन कोर्ट!”

“साहेब, अजून एक वर्ष द्या ना.”

“कॉलेजला दिलंस का तू?”



*

दिवाळी झाली. दुसऱ्या दिवशी नांगर यायचा होता. साहेबांना तेवढाही धीर नव्हता. वाफ्याशेजारच्या वाटेवर नेट बांधून घेतलं. समोर नेनेकाका, धोतर खोचून. मी वाफ्याकडे शेवटचं बघत बांधावर बसलेला.

नेनेकाकांनी जन्मात पहिल्यांदा झकास फटका मारला. शटल तिसऱ्या वाफ्यात. माझ्यावर भरवसा नाही म्हणून साहेब स्वतः शोधायला गेले. आधी वाकले. मग गुडघ्यावर. मग सोलाहॅट काढून गाल थेट जमिनीला!

बराच वेळ झाला. साहेब उठेनात.

“साहेब, शटल सापडलं का?” नेनेकाका नेटवरून ओरडले.

“हलू नका कुणी!” साहेब कुजबुजले. “इथं कणसं आहेत. आडवी. विळा लागतो त्याच्याही खाली!”

“काय म्हणता? मला तर इथून काहीच दिसत नाही.”

“नेने, रॅकेट ठेवा आणि पोटावर झोपा!”