फ्रीझरमधला पंजा

हे लिहू की नको, यातच दोन महिने गेले. आमच्या घरी रविवारी बुद्धवंदना होते. नवस, गंडेदोरे, अंगात येणं… यातलं काही माहेरी नव्हतं आणि सासरीही नाही. मी शाळेत क्लार्क आहे. ऑफिसात कुणी असले किस्से सुरू केले की मी उठून फाइली लावायला घ्यायची. आज मीच सांगायला बसलेय.

खामगावला आमचं तीन खोल्यांचं घर आहे. घरात मी, माझे मिस्टर विलास आणि सासूबाई. मुलगी अकोल्याला शिकायला असते. विलास एका तेलमिलमध्ये फिटर आहेत. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तिथल्या मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. माझ्या लग्नाआधीची गोष्ट ही. पण ती नसलेली बोटं त्यांना शेवटपर्यंत दुखायची. "आग होऊन राह्यली," म्हणायचे. मग दुपारी दोन-अडीचला फ्रिज उघडून फ्रीझरमधल्या बर्फावर पंजा टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, बोटं गेली तरी मेंदूला ती आहेत असंच वाटतं. म्हणजे इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे.

फ्रिज तोच. एका दाराचा, मरून रंगाचा, बावीस वर्षांचा.

यंदा मे महिन्यात त्याने फारच त्रास द्यायला सुरुवात केली. वर फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर आणि खाली दूध नासतंय. मी म्हटलं, नवीन घेऊ. विलास ऐकेनात. "कॉम्प्रेसर अजून कंपनीचाच हाय त्याचा. आजकालच्या फ्रिजात काय दम हाय?" सासूबाई तर फ्रिज काढायचं नाव काढलं की उठून आत जायच्या.

शेवटी रफिकभाईला बोलावलं. तो बरीच वर्षं आमच्या गल्लीतले फ्रिज-कूलर दुरुस्त करतो. मागून-पुढून पाहून म्हणाला, "भाभी, मशीनमधी जान हाय अजून. थर्मोस्टॅट आन् दाराचं रब्बर बदलून देतो." दोन्ही बदललं. सगळा बर्फ वितळवून फ्रीझर कोरडा पुसून दिला. फ्रिज मस्त चालायला लागला आणि मीही वाद सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी… शाळेला सुट्टी असल्यामुळे माझं ऑफिस अर्धा दिवसच होतं. उन्हातून घरी आले, बर्फ काढायला फ्रीझरची झडप उघडली. तळाशी नवा पांढरा बर्फ धरला होता आणि त्यावर पंजा उमटला होता.

अंगठा, दोन बोटं आणि तळवा. पुढे काही नाही.

मला आधी भीती वाटली नाही, रागच आला. वाटलं सासूबाईंनी काहीतरी काढायला हात घातला असेल.

"आई, फ्रीझरमध्ये हात ठेवला होता का तुम्ही?"

"मी काऊन ठेवू वं? माहे हात आधीच आखडते."

मी त्यांना दाखवलं. चष्मा लावून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग झडप हळूच लावली, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लावावं तशी.

"त्याईचा हाय," त्या म्हणाल्या. "भेऊ नको. दोन-तीन वर्षं झाले, कधी कधी दिसते मले. दुपारीच. सांगतलं असतं त तुमी म्हटलं असतं, बुढी येडी झाली."

सासूबाई विहारात जाणाऱ्या, सातवी शिकलेल्या. भोळ्या नाहीत. आणि हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तशा साध्या आवाजात सांगितलं.

मी मोबाइलवर फोटो काढला. विलास बघून हसले. "तूच दोन बोटं मुडपून हात ठेवला असशीन." माझा भाऊ कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्याला पाठवला. त्याचं म्हणणं, रबर नवीन आहे, नीट बसलं नसेल, बाहेरची गरम हवा जाऊन बर्फ वेडावाकडा वितळतो, आपल्याला त्यात आकार दिसतात. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी ते पटवून घेतलं.

पण रोज दुपारी झडप उघडून बघायची सवय लागली. पुढच्या आठवड्यात तो पंजा आणखी दोनदा दिसला. दुसऱ्या वेळी खड्डा आधीपेक्षा खोल होता. टेकवलेला हात नव्हता तो… दाबलेला होता. कुणीतरी अंगाचा सगळा भार टाकून दाबलेला.

मग तो गुरुवार. झडप उघडली आणि काहीतरी चुकतंय एवढंच आधी कळलं. काय, ते कळेना. हात इतका खोल गेला होता की तळाचा पत्रा दिसत होता. मग लक्षात आलं, अंगठा दुसऱ्या बाजूला आहे. मी माझा उजवा हात वर धरून पाहिला, जुळेना. डावा धरला, जुळला. तो डावा पंजा होता. करंगळी होती, तिच्या शेजारचं बोटही होतं. अंगठ्याजवळची दोन बोटं नव्हती.

फोटो काढला आणि सासूबाईंना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि ओट्याचा आधार घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं बघत होते.

"हा त्याईचा नोहे," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "आपला विलास डावखुरा हाय ना वं…"

मी लगेच दुकानात फोन करून फ्रिज सांगितला, कोणता ते विचारलंही नाही. उद्याच पाहिजे म्हटलं. रफिकभाईला म्हटलं, जुना घेऊन जा. फ्रिज काढायला कायम नाही म्हणणाऱ्या सासूबाई शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "उद्या सकाळीच ये म्हणा त्याले."

संध्याकाळी विलास आले तेव्हा मी त्यांना उद्याची सुट्टी घ्या म्हटलं.

"फ्रिज दुकानाचे माणसं आणतीन. माहं काय काम त्यात?"

"तुम्ही पाहिजेच घरी."

"अवं, पण काऊन?"

कारण सांगितलं असतं तर ते हसले असते आणि कामावर गेले असते. मी भांडले. लग्नाला बावीस वर्षं झाली, इतकी कधी भांडले नव्हते. शेवटी रडायला लागले. सासूबाई आतून बाहेर आल्या आणि फक्त म्हणाल्या, "विलास, उद्या जाऊ नको." विलासनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं, मोबाइल घेतला आणि गजाननला फोन केला. गजानन त्यांच्याच मिलमध्ये फिटर, शनिवारी त्याची पाळी होती. दोघांनी पाळ्या बदलून घेतल्या. अर्ध्या मिनिटाचं बोलणं. मी तिथेच उभी होते.

शुक्रवारी बाराच्या सुमारास नवा फ्रिज आला. रफिकभाई जुना छोट्या टेम्पोत चढवत होता. मी त्याला म्हटलं, हा कुणाला विकायचा नाही, तोडून टाका. त्याला वाईट वाटलं. "चालू मशीन तोडू, भाभी?" मी हो म्हटलं. टेम्पो गल्लीच्या वळणावर पोचला असेल-नसेल, विलासचा मोबाइल वाजला.

मिलमध्ये सरकी पुढे ढकलणारा लोखंडी स्क्रू असतो, तो अडकला होता. गजानन मोकळा करायला गेला. मशीन बंद आहे असं त्याला वाटलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची.

विलास मोबाइल हातात धरून बाहेरच्या ओट्यावर बसले. मग म्हणाले, "ते काम माहं होतं." मी त्यांना गुरुवारी काढलेला फोटो दाखवला. या वेळी ते हसले नाहीत. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.

 

मी खूप विचार केला. तो इशारा होता म्हणावं, तर तो आम्हालाच का मिळाला? गजाननने काय वाईट केलं होतं? की कुणाची तरी बोटं जायचीच होती आणि मी फक्त हात बदलला? सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "मले नाई माहीत माय." त्या नव्या फ्रिजचं दार स्वतः उघडत नाहीत, पाणीसुद्धा माठातलंच पितात. हे सगळं काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा, पण योगायोग म्हणू नका… ते मी स्वतःला रोज सांगून पाहते.

आम्ही गजाननला भेटायला दवाखान्यात गेलो होतो. तो झोपला होता, हात पांढऱ्या पट्टीत. त्याच्या बायकोने, रेखाने, मला बसायला स्टूल दिलं. माझा हात हातात घेतला. तिच्या मनात काही नव्हतं, सरळ मनाची बाई आहे ती.

"बरं झालं ताई," ती म्हणाली, "विलासभाऊ त्या दिवशी घरी होते."