खिडकीकडच्या दोन खाटा

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात नर्स होते. न्यूमोनियाचा रोगी आला की मोठे डॉक्टर आधी विचारायचे, "यापूर्वी इंजेक्शनं किती झाली?" ज्याला मागच्या काही महिन्यांत पेनिसिलीन अर्धवट टोचून झालंय, त्याच्या छातीतले जंतू त्या औषधाला दाद देतीलच असं नाही. अशा रोग्याला पहिल्याच दिवशी वेगळं औषध द्यायचं आणि इतरांपासून जरा लांब ठेवायचं, असा त्यांचा दंडक होता.

पण खरं सांगतो कोण? गावातल्या डॉक्टरकडून सुया घेऊन आलोय म्हटलं तर मोठे डॉक्टर झापतील, म्हणून नातेवाईक छातीठोकपणे सांगत, "न्हाय की! एक बी न्हाय." मला या खोटेपणाची भयंकर चीड. मग मी सरळ रोग्याला कुशीवर वळवून कमरेखाली हात फिरवायची. सुया बऱ्याच झाल्या असल्या की कातडीखाली हरभऱ्याएवढ्या कठीण गाठी लागत. गाठी लागल्या की रोगी खिडकीकडच्या दोन खाटांपैकी एकीवर जाई आणि कपाटातलं कुलपातलं औषध निघे.

त्यातले बरेच जण मुळात उशिरा आलेले असत. ते दगावत. वॉर्डाने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला: बाई हात लावते, खिडकीकडं नेतात, माणूस जातो. आधी मी हसले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! पण हळूहळू मी आत शिरले की बोलणी थांबायला लागली. पुरुष चादरी कमरेभोवती घट्ट ओढून घेत. आणि खरी भीती पुढेच होती. बोटांना गाठ लागायच्या आधीच ती तिथे आहे, हे मला कळायला लागलं. घरी झोपलेल्या भाचीच्या पाठीवरून हात फिरवायलाही मी धजत नसे.

अशात हुपरीचा एक पैंजण घडवणारा कारागीर आला. त्याची बायको खाटेवर त्याच्या कमरेला टेकूनच बसली.

"सिस्टर, हात लावू नगासा. पाया पडतो तुमच्या," ती म्हणाली.

"मग मरू दे," मी चिडून म्हणाले आणि निघून गेले.

त्याच दिवशी शेजारच्या खाटेवर माझे वडील आले. निवृत्त मास्तर. डॉक्टरांनी मला विचारलं, "इंजेक्शनं?"

मी म्हणाले, "नाही."

गेली दोन वर्षं घरी मीच त्यांना टोचत होते. खोकला आला की सुई, ताप उतरला की बंद. घरात नर्स असताना डॉक्टर कशाला, असा त्यांचा तोरा आणि मलाही त्याचं कौतुक. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. लाजेने जीभ रेटली नाही. उद्या ताप उतरेल, म्हणत मी दोन दिवस गप्प राहिले, आणि दोन दिवस बाबांना पेनिसिलीनच मिळालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर खाटेपाशी असताना मी आत आले. बाबांना शुद्ध अशी नव्हतीच. डोळे मिटलेले. पण माझी पावलं ऐकली आणि ते आपणहून कुशीवर वळले, पायजम्याची नाडी चाचपू लागले.

"आज डावी की उजवी गं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी हात ठेवला. गाठी होत्या, नीट ओळीने, माझ्याच शिस्तीच्या.

"किती?" डॉक्टर म्हणाले.

"मोजल्या नाहीत," मी म्हणाले. "सुया मीच दिल्या."

हुपरीची बाई उठून बाजूला झाली. "आता ह्यांचं बी बघा," ती म्हणाली. तिच्या नवऱ्यालाही गाठी होत्या.

दुपारी दोघांना खिडकीकडे नेलं. बाबा पाचव्या दिवशी गेले. तो कारागीर तरुण होता. तीन आठवड्यांनी आपल्या पायांनी एसटी धरायला निघाला. जाताना त्याच्या बायकोने माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावायला नेला. मी तो हिसकून घेतला. ती बिचारी घाबरून माझ्याकडे बघत राहिली.